रोमँटिक कवितेतला 'जर' शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला ब्रिटिश रोमँटिक चळवळीची (अठराव्या शतकाच्या अखेरीची आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीची कवितेची लाट) वैशिष्ट्यं तोंडपाठ आहेत. निसर्गप्रेम, कल्पनाशक्ती, व्यक्तिवाद, भावनेला प्राधान्य, सामान्य माणसाची भाषा, अद्भुताची ओढ. पण प्रत्यक्ष कविता समोर आली की ही वैशिष्ट्यं वरून चिकटवल्यासारखी वाटतात आणि उत्तर सपाट होतं. मग या चळवळीच्या कल्पना समजून कशा घ्यायच्या आणि लिहायच्या कशा?

यादी चुकीची नाही. अडचण अशी की यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कवितेत एकटी येत नाही, तिच्याबद्दलची शंकाही सोबत येते. वर्ड्सवर्थ निसर्गावर सगळा भरवसा टाकतो आणि पुढच्याच श्वासात म्हणतो की हा समज कदाचित पोकळ असेल. कीट्स कल्पनेच्या पंखांवर उडतो आणि शेवटच्या कडव्यात कल्पनेलाच फसवी म्हणतो. ही शंका गाळून टाकली की कवितेचा सुविचार होतो, आणि गाइडमधलं उत्तर सुविचारासारखं वाटतं ते यामुळेच. म्हणून एक साधी सवय लावून घ्या. कविता वाचताना पेन्सिलीने प्रत्येक 'जर', 'पण', 'कदाचित' आणि प्रत्येक प्रश्नचिन्हाला गोल करा. या काळातल्या थोर कवितांचं वळण बहुतेक वेळा त्या गोलांपाशीच सापडतं.

आधी शब्दाबद्दल. मराठीत रोमँटिक म्हटलं की प्रेमप्रकरण डोळ्यांसमोर येतं. तो अर्थ इथे बाजूला ठेवायचा. 'स्वच्छंदतावाद' हा प्रतिशब्द पुस्तकांत रुळलेला आहे, पण त्याने मनमानीचा वास येतो, आणि हे कवी छंदाच्या बाबतीत तर फारच काटेकोर होते. दुसरी गोष्ट, यांच्यापैकी कोणीही स्वतःला या अर्थाने रोमँटिक म्हणवून घेत नव्हतं. समकालीन टीकाकारांनी लेक स्कूल (वर्ड्सवर्थ, कोलरिज), कॉकनी स्कूल (कीट्स आणि त्याचे लंडनमधले मित्र) अशी नावं ठेवली, तीही बहुतेक हिणवण्यासाठी. सगळ्यांना एका नावाखाली आणलं ते नंतरच्या अभ्यासकांनी. त्यामुळे 'रोमँटिक कवींनी ठरवलं की' अशी वाक्यं लिहू नका. बायरन वर्ड्सवर्थची टिंगल करत होता आणि अठराव्या शतकातल्या अलेक्झांडर पोप या कवीला डोक्यावर घेत होता. 'नवअभिजाततेविरुद्ध बंड', म्हणजे पोपच्या काळातल्या नियमबद्ध, प्राचीन नमुन्यांवर बेतलेल्या कवितेविरुद्ध बंड, या वाक्यात तो बसतच नाही.

१७८९ आणि त्यानंतरची निराशा

फ्रेंच राज्यक्रांती 'प्रभाव' या सदराखाली एका ओळीत उरकली जाते. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण शंकेचं मूळ तिथे आहे. वर्ड्सवर्थ १७९० मध्ये आणि पुन्हा १७९१-९२ मध्ये फ्रान्समध्ये होता, आणि नवं जग उगवतंय असं त्याला मनापासून वाटत होतं. पुढे १७९३-९४ मध्ये गिलोटिनचा काळ आला. १७९३ च्या फेब्रुवारीत ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू झालं, ते मधल्या एका छोट्या तहाखेरीज १८१५ पर्यंत चाललं. इंग्लंडमध्ये सुधारणावाद्यांवर राजद्रोहाचे खटले झाले आणि १७९५ च्या कायद्यांनी सभांवर बंधनं आली. १७९७ मध्ये सॉमरसेटमध्ये राहणाऱ्या वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांच्यावर पाळत ठेवायला गृहखात्याने माणूस पाठवला होता. नदीकाठी वही घेऊन हिंडणारे हे दोघे सरकारला फ्रेंचांचे हेर वाटत होते.

आता हे कवितेशी जोडा. समाज एका फटक्यात बदलेल ही आशा मोडली, तेव्हा प्रश्न उरला तो असा: बदल घडायचा तर तो कुठून घडणार? या पिढीतल्या कवींनी मनाकडे बोट दाखवलं. माणूस जग कसं बघतो हे बदललं तर जग बदलेल, असं ते म्हणू लागले. पण मनावर एवढा भार टाकला की लगेच भीती येते: मन हे सगळं नुसतं कल्पून तर घेत नाही ना? आशा आणि भीती एकाच वेळी वावरतात. त्यातली एकच सांगितली की अर्धी चळवळ सुटते.

टिंटर्न ॲबी: विश्वास आणि तीन माघारी

वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह १७९८ मध्ये कवींच्या नावाशिवाय निघाला. त्यात २३ कविता होत्या, १९ वर्ड्सवर्थच्या आणि ४ कोलरिजच्या. सुरुवात कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेने होते आणि शेवट वर्ड्सवर्थच्या 'टिंटर्न ॲबी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवितेने (ॲबी म्हणजे इथे एक पडका मठ). शीर्षकात तारीख आहे, १३ जुलै १७९८. १४ जुलै १७८९ ला पॅरिसमधला बॅस्टिलचा तुरुंग लोकांनी जिंकला, त्या वर्षदिनाची ही आदली संध्याकाळ, आणि फ्रान्सचा उल्लेख कवितेत एकदाही नाही. ॲबीचाही नाही! शीर्षकच सांगतं की कवी ॲबीपासून काही मैल वर, वाय नदीच्या काठी उभा आहे.

सुरुवातीला तो 'पाच' हा आकडा तीनदा उच्चारतो: पाच वर्षं, पाच उन्हाळे, आणि पाच लांबलचक हिवाळे. म्हणजे कविता निसर्गाआधी काळाबद्दल बोलते. मग दृश्य येतं. कुंपणाच्या झुडपांच्या रांगा दिसतात, आणि तो लगेच स्वतःला दुरुस्त करतो की यांना कुंपण तरी कसं म्हणावं, या तर रानात उधळलेल्या रेघा. झाडांतून धूर वर येतो. तो कोणाचा? रानात भटकणाऱ्या बेघर माणसांचा असेल, किंवा कुणा एकांतवासी साधूचा. त्या काळचं विल्यम गिल्पिनचं वाय नदीवरचं प्रवासपुस्तक (१७८२) ॲबीच्या पडझडीत राहणाऱ्या भिकाऱ्यांबद्दल आणि जवळच्या लोखंडाच्या कारखान्याबद्दल सांगतं. कवितेत भिकारी धूर होऊन जातात. १९८० च्या दशकात जेरोम मॅगन आणि मार्जोरी लेव्हिन्सन या समीक्षकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं: कवी इतिहास पुसून निसर्ग दाखवतो आहे. हा आक्षेप उत्तरात जरूर मांडा, पण 'बेघर' हा शब्द कवीने पुसलेला नाही, तेही सांगा. माझ्या मते कवितेला सलणारी जागा तीच आहे.

आता पेन्सिल घ्या. दुसऱ्या परिच्छेदात तो म्हणतो की शहरातल्या खोल्यांत एकटं असताना या दृश्याने मला धीर दिला, आणि अशी एक अवस्था दिली की वस्तूंच्या आतला प्राण दिसू लागतो. कवितेतला हा सर्वोच्च दावा आहे. त्याला लागून पुढचा परिच्छेद 'जर हा व्यर्थ समज असेल' असा सुरू होतो. ही पहिली माघार. पुढे तो तारुण्य गेल्याची भरपाई झाली असं सांगतो, पण 'असं मला वाटू द्या' अशा सुरात; ही दुसरी. मग डोळे आणि कान यांच्याबद्दलची ती प्रसिद्ध ओळ येते की ते अर्धं निर्माण करतात आणि अर्धं ग्रहण करतात. आणि शेवटी, मला हे सगळं शिकायला मिळालं नसतं तरीसुद्धा माझा उत्साह खचला नसता, कारण तू सोबत आहेस, असं म्हणून तो बहिणीकडे, डॉरथीकडे वळतो. ती तिसरी. सुमारे १६० ओळींच्या कवितेत बहीण इथवर कुठेच दिसलेली नसते. निसर्ग पुरेसा असता तर साक्षीदाराची गरज का पडली असती? या एका प्रश्नावर दोन पानं सहज लिहिता येतात, आणि ती पाठ केलेली नसतील.

अशा कवितांचा एक साचा आहे आणि तो ओळखता आला पाहिजे. एम. एच. एब्रम्स या अभ्यासकाने १९६५ मध्ये तो नीट मांडला. वक्ता एका ठरावीक जागी उभा असतो, दृश्याचं वर्णन करतो. तिथून मन आठवणीत किंवा विचारात शिरतं. आणि मग ते पुन्हा त्याच दृश्याशी येतं, पण बदलून. कोलरिजची 'फ्रॉस्ट ॲट मिडनाइट' (१७९८) हा याचा सगळ्यात स्वच्छ नमुना. रात्र, दव गोठतंय, पाळण्यात बाळ झोपलंय, शेगडीच्या जाळीवर काजळीचा एक पापुद्रा फडफडतोय. त्या पापुद्र्यावरून शाळेतले एकाकी दिवस, तिथून या बाळाचं पुढचं आयुष्य, आणि शेवटी वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळे चंद्राकडे बघत शांत चमकताना. पहिल्या आवृत्तीत यापुढे आणखी सहा ओळी होत्या, त्यात बाळ जागं होऊन हात पसरतं. कोलरिजने त्या नंतर काढून टाकल्या, आणि कविता जिथे सुरू झाली त्या गोठणाऱ्या रात्रीवरच येऊन थांबली.

अर्धं वाक्य पाठ करण्याची चूक

'कविता म्हणजे उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक' हे वर्ड्सवर्थच्या नावावर सर्रास लिहिलं जातं. ते 'लिरिकल बॅलड्स'च्या प्रस्तावनेतलं आहे. ही प्रस्तावना १८०० च्या आवृत्तीसाठी लिहिली गेली आणि १८०२ मध्ये वाढवली गेली. १७९८ च्या पुस्तकात एक छोटी जाहिरातवजा नोंद होती, प्रस्तावना नव्हती. तारखेची ही चूक फार होते. त्याहून मोठी चूक म्हणजे वाक्य अर्ध्यावर तोडणं. उद्रेकाबद्दल बोलून झाल्यावर लगेच तो म्हणतो की ज्याची संवेदनशीलता नेहमीपेक्षा जास्त आहे आणि ज्याने दीर्घ आणि खोल विचार केलेला आहे, अशाच माणसाच्या हातून मोलाच्या कविता झाल्या. पुढे त्याच प्रस्तावनेत तो सांगतो की कवितेचं मूळ शांतपणे आठवलेल्या भावनेत असतं. आठवता आठवता शांतता विरते आणि मूळ भावनेसारखीच दुसरी भावना उभी राहते. म्हणजे कवितेत येते ती भावनेची दुसरी खेप.

हे हातात धरून दाखवायचं तर डॅफोडिल्सची कविता घ्या, कारण तिची कच्ची सामग्री आपल्याकडे आहे. १५ एप्रिल १८०२ ला भाऊ-बहीण अल्सवॉटर तलावाच्या काठाने चालत होते. डॉरथीच्या रोजनिशीत त्या दिवसाचा सोसाट्याचा वारा आहे. आधी पाण्याजवळ थोडी फुलं दिसली, मग अधिक, मग काठाने लांबवर एक पट्टा, साधारण गावाकडच्या मोठ्या रस्त्याएवढा रुंद. काही फुलांनी दमून उशीवर ठेवावं तसं दगडांवर डोकं ठेवलं होतं. बाकीची डुलत, झोके खात, वाऱ्याशी हसत नाचत होती.

कविता १८०७ मध्ये छापली गेली. तिथे पहिल्याच ओळीत 'मी एकटा' आहे. डॉरथी गेली, सोसाट्याचा वारा मंद झाला, दमलेली फुलं गेली. पहिल्या छापील रूपात तीनच कडवी होती. ताऱ्यांची उपमा असलेलं कडवं १८१५ मध्ये वाढवलं गेलं, आणि 'नाचणारी' डॅफोडिल्स 'सोनेरी' झाली तीही तेव्हाच. शेवटच्या कडव्यात कवी कोचावर पडलेला असताना फुलं मनाच्या डोळ्यापुढे चमकतात, त्या दोन ओळी त्याच्या बायकोने, मेरीने, सुचवलेल्या. हे वर्ड्सवर्थनेच सांगून ठेवलं आहे. आता बघा: एकांताचं सुख सांगणारी ओळ दुसऱ्या व्यक्तीची, आणि मूळ निरीक्षण तिसऱ्या व्यक्तीचं. 'रोमँटिक कवितेतला व्यक्तिवाद' यावर लिहायचं असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. 'मी' हा तयार केलेला आहे, आणि तो कसा तयार झाला ते इथे पावलापावलाने दिसतं.

कल्पनाशक्ती: शब्दाचा सैल वापर

मराठीत कल्पनाशक्ती म्हटलं की नसलेलं रंगवणं, असा अर्थ होतो. कोलरिजच्या लेखी त्याला फॅन्सी म्हणतात: आठवणीतल्या तयार वस्तू उचलून शेजारी शेजारी मांडणं. 'बायोग्राफिया लिटरारिया' (१८१७) या आपल्या गद्य पुस्तकाच्या तेराव्या प्रकरणाच्या शेवटी तो इमॅजिनेशनचे दोन स्तर सांगतो. पहिला प्रत्येक माणसात असतो. समोरचं जग जग म्हणून दिसतं तेच त्याच्यामुळे. दुसरा कवीचा, तो दिसलेलं विरघळवतो, विखुरतो आणि त्यातून एकसंध नवं घडवतो. लक्षात ठेवायची खूण अशी: फॅन्सी जोडते, इमॅजिनेशन वितळवून पुन्हा ओतते. 'अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवणं' हे सूत्र मात्र चौदाव्या प्रकरणातलं आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका.

आणि कोलरिज ही शक्ती आटल्याची कविताही लिहितो. 'डिजेक्शन' ४ ऑक्टोबर १८०२ ला वर्तमानपत्रात आली. वर्ड्सवर्थचं लग्न त्याच दिवशी होतं. त्यात तो ढग, तारे, चंद्रकोर सगळं नीट बघतो आणि म्हणतो की हे किती सुंदर आहे ते मला दिसतं, पण जाणवत नाही. आपण जे देतो तेच निसर्ग परत देतो, असं तो पुढे म्हणतो. टिंटर्न ॲबीतल्या 'अर्धं निर्माण करतो' या ओळीला दिलेलं हे काळवंडलेलं उत्तर आहे. द्यायला काही उरलंच नाही तर? त्याच्याच 'कुब्ला खान' या कवितेतही तेच. तिची सुरुवात कुब्ला खानाच्या घुमटाच्या महालाने होते. ५४ ओळींपैकी शेवटच्या भागात तो सांगतो की एक वीणावादिनी एकदा स्वप्नात दिसली होती, तिचं गाणं जर पुन्हा माझ्यात जागवता आलं, तर मी तो घुमट हवेत उभारीन. पुन्हा जर. अफूच्या गुंगीत स्वप्नात कविता सुचली आणि पोरलॉक गावाहून आलेल्या पाहुण्यामुळे ती अर्धवट राहिली, ही गोष्ट कोलरिजने १८१६ मध्ये कविता छापताना स्वतः जोडली. उत्तराचा अर्धा भाग त्या पाहुण्यावर घालवू नका.

ब्लेक: इथे 'जर' शोधू नका

ब्लेकची पद्धत वेगळी. त्याने शंका एकाच कवितेत ठेवण्याऐवजी दोन कवितांत वाटली. 'साँग्ज ऑफ इनोसन्स' १७८९ ची. १७९४ मध्ये त्याने तिला 'एक्सपीरियन्स'ची जोड दिली. धुराडी साफ करणाऱ्या पोराची कविता दोन्हींकडे आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवूनच वाचा. पहिलीत पोरगा स्वप्नातल्या देवदूतावर विश्वास ठेवतो, आणि वाचकाला त्याची फसवणूक कळते. दुसरीत पोरगा स्वतःच सांगतो की आईबाप देवळात प्रार्थनेला गेलेत.

त्याच्या 'लंडन' या कवितेच्या वहीतल्या खाडाखोडी पाहण्यासारख्या आहेत. रस्ता आधी 'घाणेरडा' होता. ते खोडून त्याने 'चार्टर्ड' केलं, म्हणजे सनदेने कुणाच्या तरी मालकीचा केलेला. थेम्स नदीलाही तेच विशेषण. पुढे 'जर्मन बनावटीच्या' बेड्या असं लिहिलं होतं, ते बदलून 'मनाने घडवलेल्या बेड्या' केलं. पहिल्या शब्दांत तक्रार होती, राजा जर्मन घराण्याचा होता त्याच्यावर राग होता. बदललेल्या शब्दांत सत्तेची रचना दिसते, आणि ती माणसाच्या डोक्यातही शिरलेली दिसते. ब्लेक राजकीय आहे हे सांगायला या दोन खोडाखोडी पुरतात.

'उदात्त' म्हणजे नेमकं काय

सब्लाइमला 'उदात्त' म्हणण्याची रीत आहे, पण मराठीत उदात्त म्हणजे थोर, निर्मळ. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ मध्ये जो सब्लाइम सांगितला त्याच्या मुळाशी भीती आहे: अफाट, अंधारं, आपल्याला चिरडू शकेल असं काही सुरक्षित अंतरावरून पाहताना येणारा थरार. 'भव्यभीषण' जास्त जवळचा.

इथेही अपेक्षाभंग बघायला विसरू नका. 'प्रिल्यूड' या आपल्या आत्मचरित्रात्मक दीर्घकाव्याच्या सहाव्या सर्गात वर्ड्सवर्थ १७९० चा आल्प्सचा प्रवास सांगतो. माँ ब्लाँ हे शिखर प्रत्यक्ष दिसलं तेव्हा तो हिरमुसला, कारण मनातला डोंगर गेला आणि समोर एक निष्प्राण चित्र उरलं. सिम्प्लन खिंडीपाशी तो आणि त्याचा मित्र वाट चुकले, एका शेतकऱ्याला विचारलं, आणि कळलं की आल्प्स तर केव्हाच ओलांडून झाला. पर्वतशिखराचा क्षण आलाच नाही. लगेच पुढच्या ओळींत त्याला कल्पनाशक्तीचा साक्षात्कार होतो, पण तो लिहिताना, चौदा वर्षांनी. 'प्रिल्यूड'ची कोणती आवृत्ती वापरता ते लिहा: १७९९ ची दोन भागांची, १८०५ ची तेरा सर्गांची, की त्याच्या मृत्यूनंतर १८५० मध्ये छापलेली चौदा सर्गांची. ओळींचे क्रमांक आणि शब्द वेगळे आहेत.

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) ही कादंबरी याच संदर्भात वाचायला हवी. फ्रँकेन्स्टाइन मन शांत करायला हिमनदीवर जातो आणि तिथेच त्याने घडवलेला प्राणी समोर येऊन बोलू लागतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या लेखिकेने आजूबाजूच्या कवींना सरळ प्रश्न विचारला आहे: निर्मिती केलीत, पण सांभाळायचं कोणी? 'गॉथिक (भयकथांचा) प्रभाव' एवढंच लिहून ही कादंबरी सोडून देणं हा तिच्यावर अन्याय आहे.

शेली आणि कीट्स

शेलीच्या 'ओड टु द वेस्ट विंड'चं शेवटचं वाक्य लोक सुविचार म्हणून भिंतीवर लावतात. ते विधान नाही, प्रश्न आहे, आणि त्याची सुरुवातही 'जर'ने होते. पाच भाग, प्रत्येकी चौदा ओळी, इटालियन त्रिपदीची गुंफण आणि शेवटी एक द्विपदी. पहिल्या तीन भागांत वारा पान, ढग आणि लाट यांवरून वाहतो, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी 'ऐक' अशी हाक आहे. चौथा भाग तिन्ही परत घेतो: मी जर पान असतो, जर ढग असतो, जर लाट असतो. कविता फ्लॉरेन्समध्ये, १८१९ च्या ऑक्टोबरमध्ये सुचली. त्याच वर्षी १६ ऑगस्टला मँचेस्टरमध्ये सभेसाठी जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं गेलं होतं, आणि शेली दूर इटलीत होता. माझे शब्द राखेसारखे, ठिणग्यांसारखे माणसांत पसरव, ही विनवणी त्या अंतरातून येते.

कीट्सबद्दल तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं. 'निगेटिव्ह केपेबिलिटी' म्हणजे नकारात्मकता नव्हे. अनिश्चिततेत, गूढात, तथ्याचा चिडचिडा शोध न घेता राहता येण्याची ताकद. ही संज्ञा त्याने डिसेंबर १८१७ च्या एका पत्रात भावांना लिहिली. दुसरं, सौंदर्य आणि सत्य एकच हे वाक्य कीट्सचं मत म्हणून देऊ नका. ते 'ओड ऑन अ ग्रीशियन अर्न' या कवितेतल्या कलशाच्या तोंडी आहे, आणि अवतरणचिन्हं कुठे संपतात यावर दोन छापील प्रतींत फरक आहे. तिसरं, पलायनवाद.

पलायनवादाचा आरोप 'ओड टु अ नाइटिंगेल' या गाणाऱ्या पक्ष्यावरच्या कवितेवर होतो, म्हणून तिची शेवटची दोन कडवी शब्दाशब्दाने बघू. आठ कडवी, दहा ओळींची, प्रत्येकातली आठवी ओळ तोकडी. धाकटा भाऊ टॉम आदल्या डिसेंबरमध्ये क्षयाने गेला होता. तिसऱ्या कडव्यात तरुण माणूस फिकुटतो, सांगाड्यासारखा होतो आणि मरतो. पुढे कवी मद्य नाकारून कवितेच्या अदृश्य पंखांवर पक्ष्याकडे जातो. सहाव्या कडव्यात सुखाने मरावंसं वाटतं, पण लगेच ध्यानात येतं की मेल्यावर कान निकामी होतील, गाणं चालू राहील आणि आपण माती झालेलो असू. सातवं कडवं पक्ष्याला अमर करत काळात मागे जातं: राजा, विदूषक, परक्या शेतात रडणारी बायबलमधली रूथ, आणि शेवटी निर्जन परीराज्यातल्या जादूच्या खिडक्या. त्या कडव्याचा शेवटचा शब्द 'फॉरलॉर्न'. आठव्याचा पहिला शब्दही 'फॉरलॉर्न'. पहिल्यांदा त्याचा अर्थ दूरचं, हरवलेलं, मोहक. दुसऱ्यांदा तोच शब्द घंटेसारखा वाजतो आणि अर्थ होतो टाकलेला, एकटा. मधल्या कोऱ्या जागेत स्वप्न मोडतं. शब्दाने उडवलं आणि शब्दानेच खाली आणलं. मग पक्षी कुरणं, ओढा, टेकडी ओलांडून जातो आणि कवी विचारतो, मी जागा आहे की झोपेत? पलायन जमत नाही हे सांगणाऱ्या कवितेला पलायनवादी म्हणता येत नाही.

याच्याच शेजारी जॉन क्लेअर ठेवा. तो नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टनचा शेतमजूर. १८०९ च्या कायद्याने त्याच्या गावची मोकळी राने कुंपणात गेली, आणि त्याचा निसर्ग हा गेलेला निसर्ग आहे. तो गोगलगाईला गावच्या बोलीत 'पूटी' म्हणतो. नाइटिंगेलवर त्यानेही लिहिलं, पण तो काटेरी झुडपात वाकून घरट्यापर्यंत जातो, अंडी पाच आहेत आणि रंगाने ऑलिव्हसारखी तपकिरी आहेत हे सांगतो, आणि तिला त्रास नको म्हणून पाय न वाजवता परत फिरतो. कीट्स निसर्ग डोळ्यांनी पाहिल्यासारखा न लिहिता मनात आल्यासारखा लिहितो, अशी क्लेअरची तक्रार होती. 'निसर्गप्रेम' या एका शब्दाखाली या दोघांना घालता येत नाही, हे दाखवणारा परिच्छेद उत्तरात असलाच पाहिजे. तसाच शार्लट स्मिथचा उल्लेखही असू द्या. तिची सुनीतं १७८४ पासून छापली जात होती, त्यामुळे १७९८ ही सुरुवातीची भिंत धरणं चुकीचं ठरतं.

मराठीशी असलेला दुवा विचारला असेल तरच आणा. केशवसुतांनी सुनीताचा घाट मराठीत आणला. बालकवींची औदुंबरावरची आठ ओळींची कविता कीट्सच्या 'टु ऑटम'शेजारी ठेवता येते, कारण दोन्हींत 'मी' नाही. तुलना तिथेच थांबवा; दोघांच्या निराशेची कारणं वेगळी आहेत.

लिहिताना

हजार शब्दांचं उत्तर असेल तर सहा वैशिष्ट्यांचे सहा परिच्छेद करू नका. दीडशे शब्दांत १७८९ नंतरची आशा आणि मोड. मग दोनच कविता, प्रत्येकी तीनशे शब्द; एक पहिल्या पिढीतली (ब्लेक, वर्ड्सवर्थ, कोलरिज), एक दुसऱ्या (बायरन, शेली, कीट्स). प्रत्येकीतला दावा कुठे आहे आणि माघार कुठे आहे ते ओळीनिशी दाखवा. उरलेल्या अडीचशे शब्दांत न बसणारा आवाज: क्लेअर, ब्लेक, मेरी शेली किंवा बायरन यांपैकी एक. 'वैशिष्ट्य' हा शब्द आला की पुढच्या वाक्यात अवतरण आलंच पाहिजे, नाहीतर तो शब्द खोडा. अवतरण चार-पाच शब्दांचं असावं. चार ओळी उतरवून खाली 'यातून निसर्गप्रेम दिसते' लिहिल्याने काहीच हाती लागत नाही.

आणि कविता मोठ्याने वाचा, निदान दोनदा. टिंटर्न ॲबीतली वाक्यं ओळ संपली तरी संपत नाहीत, श्वास पुरत नाही. 'नाइटिंगेल'मधली ती तोकडी आठवी ओळ कानाला ठेच लागल्यासारखी जाणवते. आजच सुरुवात करायची तर टिंटर्न ॲबीची १७९८ ची संहिता घ्या आणि पहिला गोल पन्नासाव्या ओळीच्या आसपासच्या 'इफ' भोवती काढा.